सव्वाबारा

दुकानाला पाटी आहे, पण ती नीट वाचेपर्यंत
फोर्टातली गर्दी माणसाला उभं राहू देत नाही.
आत मोईझभाई.
काचेवर फुंकर घालून बाहीने पुसत म्हणाले, "लायसन?"
मी पिशवीतून काढलं, ब्लाऊजपिसांच्या खालून.
दोन वर्षं चार महिने लागले त्याला.

चौकशीला आलेला हवालदार
लालबागच्या खोलीत माझ्याच स्टुलावर बसला होता.
कशाला पाहिजे?
नेम धरायला.
कोणावर?
कागदावर, म्हटलं. पन्नास मीटरवरच्या.
त्याने लिहिलं, खेळ. मग पेन थांबवून,
आमच्या हिच्या दोन ब्लाऊजांचं काय झालं?

वरळीला सहा वर्षं क्लबाची रायफल.
उसन्या ब्लाऊजात लग्नाला जावं तसं ते,
लोकांना कळत नाही,
आपल्याला श्वास घेताना कळतं.

"हात वाकव, बाई."
कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत
मोईझभाईंनी टेप लावली.
बावीस वर्षं मी लोकांना टेप लावतेय,
माझं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं.
"साडेबारा."
सव्वाबारा, मी म्हटलं. टेप सैल धरलीत.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि चहा सांगितला.

मग काउंटरवर दोन. दोन्ही बावीस बोअरच्या.
एक बोल्टची: प्रत्येक गोळीला हाताने उघडा, ओढा, लोटा, मिटा.
दुसरी सेमी-ऑटो:
बार झाला की पुढची आपणच चढते,
बोट मात्र दर वेळी तुमचंच लागतं.
"पहिली हाय ना तुझी? खांद्याला विचार,
डोळ्याला नको. डोळा काय, चमकेल त्याला हो म्हणतो."

मला मशीनची मोटार आठवली.
पायडल सोडून ती बसवली त्या आठवड्यात
तळेकरवहिनींची पैठणी मी सरळ काखेपर्यंत शिवत नेली.
मोटारीचा दोष नव्हता.
पाय उचलायचा असतो, हे पायाला माहीत नव्हतं.
तांडेल सर तेच सांगतात:
पुढची गोळी तयार आहे म्हणून
तुम्ही तयार आहात असं नाही.

सेमी-ऑटो खांद्याला लावली.
लावली ती डाव्या.
मोईझभाईंचा चहा बशीतच राहिला.
"अरे. डावरी?"

डावरीच. शाळेत त्या हातावर पट्ट्या खाल्ल्या,
उजव्या हातांच्या कात्रीने
अंगठ्याला घट्टा पाडून घेतला,
शेवटी भुलेश्वरला एकाने डावी कात्री घडवून दिली.
"ही टोपी उजवीकडे फेकते," ते म्हणाले,
"रिकामी, पण गरम. उजव्याला काय नाय.
तुझ्या तोंडासमोरून जाणार. कधी गळ्यातबी."
डावी मिळते का?
"बाहेरून मागवावी लागते. पैसे डबल,
आणि कधी येईल ते मी पण सांगू शकत नाय."

भिशीचे पैसे एकदाच लागतात.
मी पुन्हा खांद्याला लावली. गाल टेकवला.
लाकूड जरा लांब होतं,
पाव इंच कापावं लागेल,
ते त्यांनी न सांगताच पेन्सिलीने खुणावलं.
आम्ही दोघं त्या रेषेकडे पाहत राहिलो,
एकाच धंद्यातली माणसं पाहतात तसे.

रजिस्टरवर सही केली, डाव्या हाताने,
शाई पुसत पुसत.

रात्री गिऱ्हाइकांचं सगळं बाजूला सारलं.
एका खाकी उरलेल्या तुकड्याचा
बंद गळ्याचा जाकीट बेतला,
गळा दोन इंच वर,
उजवी बाजू डावीवर चढवली,
की टोपी आली तर घसरून खाली पडावी.
बटणं कुठल्या बाजूला, याचा विचार करत
थोडा वेळ बसले.

मशीनची मोटार बंद ठेवली.
हा एवढा मी चाकाने, हाताने शिवला.