दोन रुपयांचं टेबल

धायरीत रात्री पावणेबाराला
सोसायटीची पाण्याची मोटर थांबते
आणि मी टेबलावर बसतो.
म्हणजे गादीवरच. टेबल फोनमध्ये,
डाव दोन रुपयांचा.

परवा शेवटचं पान किल्वरचा राजा निघाला,
एकशे चाळीस रुपये आले.
सकाळी कर्वेनगरला रिक्षावाल्याला म्हणालो,
सुट्टे राहू द्या.
त्यानं वळून नीट बघून घेतलं मला.

काल हातात दोन एक्के.
समोर ‘संत्रा_४७’, बहुधा नागपूरचा,
सत्ती-दुर्री धरून चिकटलेला.
सत्ती आधीच पडली होती.
शेवटी दुर्रीही आली.
मी अंधारात ‘अरे!’ म्हणालो.
हेमांगी कूस न बदलता : किती?
बावीस.
मग झोप की.

डायरीत सगळं लिहिलंय.
अकरा महिने, वजा तीनशे बारा.
मेंढीकोटात मामा पानं लपवायचा,
तेव्हाही मी हिशेब ठेवायचो.

आज संत्रा आला नाही.
साडेबारा, एक.
त्याची खुर्ची करडीच राहिली.
मला राण्यांची जोडी लागली, पैसेही आले,
पण टेबलावर
हरवायला ओळखीचं कुणी नव्हतं.