वीतभर

चंद्र नसलेल्या रात्री माझा बाप
दोन बांबूंमध्ये चादर ताणतो.
आईच्या लग्नातली ती, आता फक्त किड्यांची.
जनरेटरची दोरी तीनदा ओढतो,
चौथ्यांदा शिवी घालतो आमच्या ह्मोंगमध्ये,
पाचव्यांदा फ्रेंचमध्ये,
मग दिवा लागतो
आणि काकाओच्या टेकडीमागचं सगळं रान
आमच्याकडे तोंड करतं.

आधी चिल्लर येते. पाकोळ्या, तुडतुडे,
नाकात जाणारं, चहात पडणारं.
मग पानाएवढे पतंग.
बाप कशालाच हात लावत नाही.
उकिडवा बसून रामबुतानच्या बिया थुंकत राहतो.

दोनच्या सुमारास तो येतो.
उडत येतो असं म्हणवत नाही.
अंधारातून कुणी चप्पल भिरकवावी
तसा येऊन चादरीवर आपटतो.
धप्प.

भुंगेरा. वीतभर.
माझी नव्हे, बापाची वीत,
चाळीस वर्षं कोयता धरलेली.
उचलला की फिस्स करतो,
सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा.

रविवारी तो बाजारात, काचेच्या पेटीत,
सूपची हंडी आणि मिरच्यांच्या ढिगामध्ये.
कायेनहून बस येते.
पोस्टातून निवृत्त झालेल्या ओदीलबाई
"देवा!" म्हणून नवऱ्याचा दंड धरतात,
ज्याच्याशी बसमध्ये एक अक्षर बोललेल्या नाहीत.
रॉकेटच्या तळावरचा इंजिनिअर विचारतो, वजन किती?
त्याची मुलगी विचारते, नाव काय?
मारिपासुलाचा एक म्हातारा काहीच विचारत नाही.
"आमच्या घरी हा आला," तो म्हणतो,
"की आम्ही दिवा मालवायचो. बिचाऱ्याला वाट सापडू दे."

बाप पेन्सिल पुढे करतो.
कट्.
टाळ्या.
पेन्सिलीचा एक युरो, तुकडे फुकट.

मग कुणीतरी हटकून: हा खात काय असेल!
काही नाही, बाप सांगतो.
एवढा झाला की खाणं संपलं.
जे काय खायचं ते लहानपणी, मातीत, कुजक्या मुळात,
त्या शिदोरीवर पुढचे दोन-तीन आठवडे.
आणि लहानपणी कसा दिसतो?
"कुणी पाहिलेलं नाही."
लोक हसतात. त्यांना वाटतं,
म्हाताऱ्याचं फ्रेंच कच्चं आहे.

खरंच कुणी पाहिलेलं नाही.
शिकलेली माणसं आली, ओंडके फोडून गेली,
अळी हाती लागली नाही.

बापाचंही तसंच.
त्याचा पहिला फोटो सत्त्याहत्तरचा, याच गावातला:
चिखल, ताडपत्री, अकरा वर्षांचा मुलगा
दुसऱ्या कुणाच्या तरी बुटांत.
त्याआधीचं काही नाही.
मेकाँग कशी ओलांडली, बांबूच्या मोळीला
कोण कोण धरून होतं, पलीकडे कितीजण निघाले,
विचारलं की तो जनरेटरचं तेल बघायला उठतो.
एकदाच म्हणाला, जीव मुठीत धरून आलो.
आणि आपली मूठ उघडून बघत बसला,
एवढ्याशा जागेत ते मावलं कसं.

दीडला बसचा हॉर्न वाजतो.
ओदीलबाई परत येतात. एकट्या.
"हातावर द्याल?"
बाप देतो.
अंगावर काटा येतो त्यांच्या,
म्हणजे खरोखरच येतो, सहा पायांचा,
मनगटावरून वर चढत.
त्या ओरडत नाहीत. बोटं मिटायला बघतात,
मिटत नाहीत.
किंमत विचारतात.
"मेलेला साठ," बाप सांगतो. "हा विकायचा नाही."
मला हे नवीनच. गेल्या रविवारी
त्यानं असाच एक विकला होता.

रात्री चादर बांधली नाही.
पेटी उघडी ठेवली परसात, दिवा न लावता.
मी काही बोलणार, तेवढ्यात त्यानं
सकाळचा पेन्सिलीचा तुकडा उचलला,
कोयत्यानं टोक काढलं
आणि हिशेब लिहायला घेतला:
सूप, मिरच्या, रामबुतान,
वजा पाच पेन्सिली.