बर्फाचा फलाट

तळघरात वेंडेल बर्फ कापतोय,
प्लास्टिकचा, हरभऱ्याएवढ्या लाद्या.
बाहेर नेब्रास्कात उणे अठरा.

काडेपेटीतल्या काड्यांचा फलाट,
खऱ्या मिठाची चार पोती,
खाली पिवळे डबे, टपावरची झाकणं उघडी.
आत संत्री नाहीत,
तरी तो घाई करतो, नासतील म्हणून.

वर चौघे, हातात आकडे.
तिसरा बोडका. बापही टोपी घालत नसे.
भिंगाखाली, श्वास धरून,
त्याचं डावं मधलं बोट
वेंडेलने ब्लेडनं खरवडून टाकलं.
मोठ्या लादीखाली गेलेलं, त्रेपन्न साली.
कुणाला दिसणार आहे?

आर्डिस जिन्यावरून ओरडते, सूप निवलं.
आलो, म्हणतो.
बाह्या अजून कोरड्याच दिसतात.
घरी यायचा तेव्हा कोपरापर्यंत ओल्या असत.
उद्या वॉर्निश.