गज

फाट्यावर उतरलं की डाव्या हाताला
पाटी अजून आहे, 'मुलांचे निरीक्ष',
पुढची अक्षरं गंजली.

माय इथं स्वयंपाकीण होती.
एकोणचाळीस पोरं, दोन दोन भाकरी,
अंबाडीची भाजी, रविवारी गूळ.
जुन्या नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर
मी पाढे गिरवले. पुढच्या पानांवर पोरं होती:
कापूस चोरला, अडीच किलो.
रेल्वेत विनातिकीट, बाप माहीत नाही.
लंकेश पवार, बेड्यावरचा, संशयावरून,
वय अंदाजे अकरा.
दात पाहून ठरवलेलं,
गोऱ्ह्याचं ठरवतात तसं.

डोकं निघालं की सगळं अंग निघते, तो म्हणायचा.
आधी सुतळीनं डोकं मोजलं,
मग गजांमधली जागा.
पोळ्याच्या रात्री गेला.

सुतळी मी दिली होती.
साहेबांनी विचारलं तेव्हा
मी परकराला हात पुसत राहिले.
माय तीन दिवस त्याच्या भाकरी थापत राहिली,
चौथ्या दिवशी दोन मुठी पीठ
डब्यात परत टाकलं.
मग पुलगावहून वेल्डर आला.
दर दोन गजांत एक नवा गज.
खोल्यांत दुपारीही दिवा लागू लागला.

बंद होऊन आता नऊ वर्षं.
लिलावात इमारत नाही, फक्त लोखंड गेलं.
भंगारवाला खिडक्या उपटून काट्यावर टाकतो,
खूश आहे, वजन भरतंय.
"इतके दाट गज कायले बसवले होते, बाई?"

"वांदरं यायची," मी म्हणते.