झ कुठे येतो

मीटिंग दीड तास चालली. विषय एकच:
ऐच्छिक विषय निवडायला आधी कोणी खिडकीवर यायचं.
खिडकी आता नाही, पोर्टल आहे.
आम्ही अजून खिडकीच म्हणतो,
बंद पडलेल्या टॉकीजच्या नावानं
पुण्यात अजून चौक ओळखतात, तसं.

एक सर म्हणाले, गुणवत्ता.
दुसरे म्हणाले, गुणवत्तेला आधीच सगळं मिळतं,
निदान वर्ग तरी उरू द्या.
कोणी म्हणालं, ज्याची फी आधी जमा, तो आधी.
तेव्हा इतिवृत्त लिहिता लिहिता माझा हात थांबला.
स्कॉलरशिपच्या फायली माझ्याच टेबलावर असतात,
पैसे कधी येतात ते मला विचारा.
मला कोणी विचारलं नाही.
ठरलं नेहमीचंच: आडनाव, इंग्रजी अक्षरांप्रमाणे,
पोर्टलला तेवढंच कळतं.

आगाशे, अडसूळ, आल्हाट: सकाळी नऊ.
आगाशेनं तर आकडेशास्त्र बघून
आडनावात दोन ए घातलेत.
झिंजुर्के तनुजा, मुक्काम खोडद, तालुका जुन्नर:
दुपारी पावणेपाच.

पाच सेमिस्टर ती माझ्या टेबलाशी येतेय.
हवा एकच विषय, खगोलशास्त्राची ओळख.
जागा तीस, कारण दुर्बीण एक.
पावणेपाचला जे उरतं ते तिनं घेतलं:
उद्योजकता, नेतृत्वगुण,
एकदा तर ताणतणावाचं व्यवस्थापन.

म्हटलं, आकाशाचं एवढं काय गं?
म्हणाली, आमच्या कांद्याच्या वावरातून
त्या मोठ्ठ्या तबकड्या दिसतात ना मॅडम,
रात्रीतून तोंड फिरवून बसतात.
कुणाचं ऐकतात, तेवढं कळायला हवंय.
मग पिशवी सावरत, जाता जाता:
शाळेत काळे, खैरे, गावडे, घोलप,
चव्हाण, जाधव झाले की मी.
इथं आले आणि शेवटची झाले.
आडनाव तेच आहे.

यंदा मी धीर केला. म्हटलं, मुळाक्षरं लावून बघू.
क्षीरसागर मॅडमनी चष्मा काढला,
म्हणजे आम्ही ळच्याही पलीकडे?
संगणकवाले म्हणाले, नाही, मशीनला क्ष म्हणजे क.
मराठीचे सर म्हणाले, मशीनला काय कळतंय!
वीस मिनिटं क्ष कुठे येतो यावर गेली.
झ राहिला बाजूला. चहावर साय धरली.
शेवटी कोणीतरी वैतागून म्हणालं,
चिठ्ठ्या टाका.

त्या मशीननंच टाकल्या, आवाज न करता.
मला नाही पटलं. चिठ्ठी म्हटली की डबा हवा,
डोळे मिटलेलं एखादं पोर हवं.
पण यादी आली, आणि झिंजुर्के सातवी.
आगाशे, दोन्ही ए सकट, चारशे बारावा.
मी यादी दोनदा वरखाली केली,
कुणी बघत नाही ना ते पाहून.

आज नऊ वाजून तीन मिनिटं.
पडद्यावर तीस. अठ्ठावीस. सव्वीस.
तिचं नाव अजून राखाडी.
नऊ सहा. एकोणीस.
पाच वेळा पावणेपाच पाहिलेल्या पोरीनं
सकाळी ईमेल कशाला उघडावा?
कांदा काढायला गेली असेल.

नियम सात, ब: कर्मचाऱ्याने कोणत्याही विद्यार्थ्यास
व्यक्तिशः सूचना देऊ नये.
मीच टाईप केलाय तो. व्यक्तिशःचा विसर्ग
मराठीच्या सरांना विचारून घातला होता.

नऊ नऊ. अकरा.

मी खुर्ची मागे सारली, जिन्यात आले.
फोनमध्ये नावं मी मराठीत ठेवते, आडनाव आधी.
जाधव गॅसवाल्याच्या खाली
लगेच सापडली.

रिंग जातेय.