सहा आकडी

गोळीबार चौकातल्या विणकर सोसायटीचं
सत्तावीस वर्षांचं रजिस्टर
टाइप होऊन माझ्या पेनड्राइव्हमध्ये आलंय.
सचिव डोमाजी पराते म्हणाले,
"सभासदायचे फोन तेवढे काढून दे बाई,
शेअरचे पैसे वापस करायचे हायेत."

मे महिना. कूलरची टाकी तळाला गेलीय,
खसाला जळका वास.
मी ओळ लिहिते :
चौकटी कंसात शून्य ते नऊ,
महिरपी कंसात सहा,
आणि दोन्ही टोकांना कुंपण,
नाहीतर एखाद्या मोठ्या रकमेच्या पोटातले सहा
उचलून आणेल.

पहिल्या फेरीत आलं ४४००१८.
नऊशे वेळा. पिनकोड.
सांगितलं, सुरुवातीला ४४० दिसलं की सोड.
सोडलं.
मग निघाल्या तारखा, टिंबं गाळून टाइप केलेल्या :
०३०५९१,
कुणीतरी सुताची पेटी उधार नेली तो दिवस.

आणि मधली चार वर्षं कोरीच.
ती निमजे गुरुजींनी टाइप केलेली, देवनागरी आकड्यांत.
त्यांचा सात मशीनच्या ओळखीचा नव्हता.
शून्यसुद्धा नाही,
दिसायला दोन्ही शून्यं जुळी असून.
चौकटीत त्यांचेही दहा आकडे बसवले, दाटीवाटीनं.

आता यादी भरली.
सुगंधाबाई हेडाऊ. तुकडू नंदनवार.
गेंदलाल बारापात्रे, त्याचे दोन भाऊ, एक भावजय...
एक्केचाळीस नावं,
प्रत्येकापुढं सहा आकडे आणि पी. पी.
मशीनला विचारलं, यात वेगवेगळे किती?
म्हणाली, एक.

डोमाजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"बोकडे किराणा. अख्ख्या गल्लीत तेवढाच फोन होता.
तो वाजला का सारे माग बंद.
सारे, बाई.
कोनाचं नाव पुकारते, आयकू याले पायजे न."

पुढं २ लावून मी तो नंबर फिरवला.
एक बाई शुद्ध मराठीत म्हणाली,
कृपया क्रमांक तपासून पाहा.

दुबार नोंदी काढायच्या तर एक कळ पुरे होती.
काढल्या नाहीत.
एक्केचाळीस ओळी, तशाच सेव्ह केल्या.

तेवढ्यात लाइट गेली.
कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं,
आणि डोमाजी
मान जराशी वर करून बसून राहिले.