पेल्यात नाक

दर दुसऱ्या शनिवारी, गंगापूर रोडला,
पाटणकरांच्या दातांच्या दवाखान्यावरच्या गच्चीत
आम्ही सात जण गोल बसतो.
पहिल्यांदा गेले तेव्हा सुनेला सांगितलं, भिशी आहे.
तसं खोटंही नव्हतं:
दरडोई चारशे, आणि कुणाला काय लागेल त्याचा नेम नाही.

ऋता वरखेडे शिकवते. वय सव्वीस,
सावरगावकडच्या वायनरीत टाक्यांचं तापमान बघते.
तिनं आधी पेला धरायला शिकवलं, दांड्याला,
आपण समई उचलतो तसा.
मग गोल फिरवायचा, नाक आत घालायचं,
एक घोट जिभेवर लोळवायचा
आणि थुंकायचं.
"एवढे पैसे भरून थुंकायचं?" गायधनी वकील म्हणाले,
आणि गिळलं.

तिच्याजवळ एक छापील चक्र होतं, रंगीत,
त्यावर वासांची नावं:
ब्लॅकबेरी, गूजबेरी, देवदार, चामडं.
ब्लॅकबेरी आमच्यातल्या कुणी पाहिलीसुद्धा नव्हती.
आम्ही वर्गातल्यासारखे माना हलवत राहिलो.
तिसऱ्या शनिवारी निफाडची कुंदा मोगल
हळूच म्हणाली, "मला बाई करवंद येतंय.
पिकलेलं नाही. चीक निघतो ना, तसलं."
ऋतानं चक्र पालथं घातलं.

मग कुणी थांबेना.
कवठाचा गर, गूळ न घातलेला.
नव्या वहाणेचा तेलकटपणा.
मांडवाखाली गंधक मारल्यावरची सकाळ.
पावसात राहिलेलं गोणपाट.
फरहाद इराणींना प्रत्येक पेल्यात
बेकरीतला तापलेला पत्रा येतो,
कितीही भांडा, बदलत नाही.

मला यायची फक्त शाई.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं नोटा मोजल्या,
बोटांवरून गेली, नाकातून नाही.
शिराझ: शाई.
कॅबर्ने: शाई, जरा जुनी.
शेनिन ब्लांलाही शाई म्हणाले तेव्हा
सगळे हसले, पांढऱ्या वाइनमध्ये?
मीही हसले. पण होती.

दातीर हसले नाहीत.
ते आमच्याच प्रेसचे, छपाईतले.
तापात वास गेला, तीन वर्षं झाली, परतला नाही.
डाळ करपली तर शेजारी सांगायला येतात.
पण शनिवार एकही चुकवत नाहीत.
पेला उजेडाकडे धरतात,
काचेवरून उतरणारे ओघळ मोजतात,
मग एकेकाकडे वळून, "तुम्हाला काय येतंय?"
आणि असं ऐकतात
की आपल्याला परत जाऊन नीट हुंगावं लागतं.
त्यांच्यासमोर थापा मारवत नाहीत.
गायधनीसुद्धा आता थुंकतात.

परवा बाटल्यांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली होती.
ओळखायचं होतं. सगळेच चुकलो.
मी छातीठोक झिनफँडेल म्हणाले ती
ऋताच्या टाकीतली, अजून नाव न ठेवलेली निघाली.
चीज संपलं, खारे दाणे संपले,
खाली कंपाउंडरनं शटर ओढलं.
दातीर अजून पेल्यावर वाकलेले.
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
"ओली की वाळलेली?"
"काय?"
"शाई."

त्यांच्या हातातला पेला मी घेतला.
हुंगलं. पुन्हा हुंगलं.
"ओली," म्हटलं. "दुसऱ्या पाळीची.
पंखे लावायच्या आधीची."

त्यांना खरंच आली का नुसती आठवली,
मी विचारलं नाही.
घोट त्यांनी कितीतरी वेळ तोंडात धरला,
गालाच्या या बाजूला, मग त्या.
गच्चीवर गारठा उतरत होता, कुंदानं पदर घेतला.
ऋतानं पिंकदाणी पुढे केली.
त्यांनी हातानंच नको म्हटलं.